पेरेसच्या गिरणीचा लंगडा ठोका

हां, तर झाब्लोन ओदेरा मास्तर धापा टाकत टेकाडावर पोचले आणि गिरणीच्या दारात उभे राहून पाहतात तो काय, डिझेलचं जुनं इंजिन पुकपुक करत चाललंय, भिंतीतल्या नळीतून काळा धूर निघतोय, आणि इंजिनाला पट्टाच नाही. पट्टा खुंटीला टांगलेला. इंजिन आपलं एकटंच, रिकामंच धडधडतंय. शेजारी विजेची नवी निळी मोटर गिरणी फिरवतेय, आणि पेरेस आपोंदी पिशवीत हात घालून पिठाचा पोत बघतेय, जणू सगळं जिथल्या तिथं आहे.

मास्तरांनी आवाज चढवून विचारलं, "आपोंदी, दळतंय कोण?"

"मोटर."

"मग हे इंजिन काय करतंय?"

"बोलावतंय."

"कुणाला?"

पेरेसनं हनुवटीनं बाहेर खूण केली. कडुनिंबाच्या सावलीत सात बायका डबे घेऊन बसल्या होत्या, आणि आठवी खालच्या वळणावर दिसत होती.

मास्तर उंबऱ्यावर टेकले. ते बेटाच्या वीजमंडळाचे प्रमुख. सगळ्या न्यागोरे बेटानं त्यांच्या शब्दावर खांद्यावरून खांब वाहिले होते, होड्यांतून सौर पॅनल उतरवले होते, शाळेमागचा उतार कुदळीनं सपाट केला होता. डिझेलचा धूर बेटावरून जावा म्हणून. आणि ही बाई दळण उन्हावर दळत होती आणि हाका मारायला डिझेल जाळत होती.

आता ही वेळ का आली ते समजायचं, तर आधी पेरेस समजून घ्यायला हवी.

पेरेसचं माहेर सरोवराच्या पलीकडच्या काठावरचं, उयोमाचं, म्हणून बेटावर तिला सगळे 'उयोमाची' म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वी शिडाच्या होडीतून ती आली, दालमास ओयुगाची धाकटी बायको होऊन. थोरली, मिकाल आविनो, डोंगरापलीकडे कोवंगेच्या किनाऱ्यावर राहायची. धाकटीला दालमासनं डोंगराच्या अलीकडे टेकाडावर घर बांधून दिलं, गिरणीला लागून. मध्ये अख्खा डोंगर असला की संसारात शांतता राहते, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते त्यानं दोघींनाही वेगवेगळं सांगितलं होतं.

बाईला पहिल्यापासून एक खोड. वस्तू दिसली की तिला आत काय आहे ते बघायचं असायचं. लग्नात आलेला रेडिओ तिनं पहिल्याच आठवड्यात खोलला. आत माणूस नसतो हे तिला ठाऊक होतं, तेवढी ती भोळी नव्हती. आवाज नेमका कुठल्या तुकड्यातून निघतो, ते तिला बघायचं होतं. परत जोडला तेव्हा एक स्क्रू उरला आणि रेडिओ आधीपेक्षा मोठ्यानं वाजायला लागला. तो स्क्रू अजून तिच्याकडे आहे, मिठाच्या बरणीशेजारी.

दालमास बहुतेक दिवस सरोवरावर, जाळी घेऊन. गिरणी हळूहळू पेरेसच्याच हाती आली. वर्षभरात ती इंजिनाच्या आवाजावरून सांगू लागली, मका चाललाय की ज्वारी की सुकलेला कसावा, दाणा ओला आहे की गिरणीतली चाळण फाटलीय. एकदा किनाऱ्यावरून जाताना तिनं एका परक्या होडीवाल्याला सांगितलं, "दादा, तुमच्या इंजिनात पाणी जातंय." तो हसला. संध्याकाळी त्याला दोन होड्यांनी ओढत आणलं.

तिच्या स्वतःच्या इंजिनातही एक दोष होता. तीन ठोके नीट पडायचे, चौथा ते गिळायचं. पुक, पुक, पुक, आणि एक श्वास. दालमासनं ते दोनदा पुरं खोललं, पलीकडच्या म्बिता गावाहून मिस्त्री आणला, दोष गेला नाही. मग सगळे त्याला इतके सरावले की दोष आहे हेच विसरले. पेरेससुद्धा विसरली. ती तर दिवसभर त्याच्या शेजारी उभी. शेजारी उभं राहून कुणाला काय ऐकू येतं.

पण बेट त्या आवाजावर चालायचं. सकाळी पुकपुक सुरू झाली की बायका कणगीतून मका काढायच्या. कोवंगेची बाई डोंगर चढून डोक्यावर डबा घेऊन येणार, तासाभराची वाट, ती काय गिरणी चालू आहे की बंद हे बघायला येणार होय. आवाज आला तर निघायचं, नाही आला तर नाही. सरोवरावर धुकं असलं की कोळी त्या आवाजावर नाव वळवायचे. खुद्द मास्तरांनी शाळेची मधली सुट्टी कितीतरी वर्षं गिरणी थांबली की दिली, कारण शाळेचं घड्याळ कुणीतरी मंत्र्याच्या भेटीच्या दिवशी उसनं नेलं ते नेलंच.

तर मास्तरांनी ऊन पकडायचं काढलं, तेव्हा मोठ्या अंजिराखाली सभा बसली. मास्तर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या हाताशी दिवस मोकळे होते. त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं. दवाखान्याच्या लसींना गारवा मिळेल, घरोघर दिवे लागतील. पण दुपारचं ऊन इतकं येतं की ते बॅटऱ्यांत मावत नाही, वाया जातं. ते कुणीतरी दुपारीच वापरायला हवं. एवढी भूक बेटावर एकाच गोष्टीला आहे, गिरणीला. किसुमू शहरातला एक कारखाना दोन महिन्यांसाठी मोटर देतोय. मीटर पुरेसा फिरला तर मोटर राहील आणि मागोमाग कोळ्यांसाठी बर्फाचं यंत्र येईल. शेवटी तिथला इंजिनियर येऊन आकडा बघेल; नाही फिरला तर मोटर परत जाईल.

सगळ्यांच्या माना पेरेसकडे वळल्या. तिनं विचारलं, "मास्तर, दळताना ढग आला तर पीठ अर्धं बारीक अर्धं भरड निघेल का?"

"नाही. तेवढं बॅटऱ्या सांभाळून घेतात."

"आणि आठ दिवस ढग राहिला तर?"

"मग आठ दिवस नुसते मासे खा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सभा हसली.

पेरेस हसली नाही, ती विचार करत होती. शेवटी म्हणाली, "मोटर आणा. पण बसवायच्या आधी मला खोलून बघू द्या."

तिनं ती खोलली, ओंबुरा मिस्त्रीला जोडीला घेऊन. ओंबुरा बेटावरचा सायकली आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. आत निघाली तांब्याची तार आणि लोखंड. तेल नाही, ठिणगी नाही, धूर जायला नळी नाही.

"मग हिला फिरवतं कोण?" पेरेसनं विचारलं.

"मला काय विचारतेस," ओंबुरा म्हणाला. "माझ्या सायकलीला पाय फिरवतात, तेवढं मला कळतं."

मोटर बसली आणि छान चालली. इंजिन कोपऱ्यात गेलं. बाकीच्यांचे जनरेटर बंद झाले तशी डिझेलची होडी यायची थांबली. एका गिरणीसाठी कोण एवढं पाणी कापणार. पेरेसकडे शेवटचं एक पिंप उरलं. म्हणजे मोटर गेली तर मागं वळायला वाट नाही, गिरणीच गेली, हे तिला माहीत होतं. साठीला आलेली बाई, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, गिरणीशिवाय दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायची इच्छाही नाही.

पहिल्या आठवड्यात टेकाडाखालच्या चार घरच्या बायका आल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच चार. तिसऱ्या आठवड्यात पेरेस दारात उभी राहून रिकाम्या वाटेकडे बघत बसायची आणि मागं मीटर नुसता डोळा उघडून बसायचा.

दुसरं कुणी असतं तर रडलं असतं, नाही तर मास्तरांवर खेकसलं असतं. पेरेसला नवल वाटायला लागलं. एवढी माणसं, जेवल्याशिवाय तर राहत नाहीत. मग पीठ येतं कुठून?

तिला वाटलं, पिठातच काही उणं असेल. डिझेलच्या वासाची जिभेला सवय असते, तो वास गेला म्हणून नको वाटत असेल. तिनं मोटरच्या पिठाचं कुओन शिजवलं, पातेल्यातून उलटवलं की मडक्यासारखं उभं राहील असं घट्ट, आणि पानात गुंडाळून घरोघर चाखायला घेऊन गेली. सगळ्यांनी खाल्लं. कुणी मागूनही घेतलं. शेवटी अर्ध्या तासाच्या वाटेवरच्या रोझबेलाच्या घरी, दोन पोरांनी पातेलं पुसून खाल्ल्यावर, तिनं सरळच विचारलं.

"पीठ वाईट आहे का?"

"कोण म्हणतं वाईट?"

"मग दळायला का येत नाहीस?"

रोझबेला तिच्याकडे बघतच राहिली. "कुठं?"

"कुठं म्हणजे? गिरणीवर."

"गिरणी चालू आहे?"

"गेले तीन आठवडे रोज चालू आहे."

"अगं मग सांगायचं नाही का कुणाला? आम्ही म्हटलं मोटर जळाली. वाळलेली ओमेना मासळी नेणाऱ्या होडीतून डबे म्बिताला पाठवतोय आम्ही. पिठाला माशांचा वास येतो तो येतोच. कधी सुरू करणार, असं विचारायला यायचं ठरवत होते, पण म्हटलं आधीच तिच्या जिवाला घोर, कशाला जखमेवर बोट ठेवायचं."

पेरेस परत आली आणि मोटर लावून अंगणात जाऊन उभी राहिली. गिरणी घुमत होती. कुंपणापर्यंत गेली, घुमणं होतं. वळणापर्यंत गेली तर वाऱ्याशिवाय काही नाही. इंजिनाचा ठोका नळीतून निघून डोंगर ओलांडायचा, आणि ही मोटर उंबऱ्याशीच बसून राहत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टा न लावता इंजिन सुरू केलं. अर्ध्या तासात रोझबेला आली. तासाभरात वाट भरली. म्हणून मास्तर आले तेव्हा तिनं सांगितलं, बोलावतंय.

मास्तरांनी एकदा टांगलेल्या पट्ट्याकडे, एकदा वाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपोंदी, मी वर्गात चाळीस वर्षं मूर्ख उत्तरं ऐकली. हे उत्तर मूर्ख आहे असंही म्हणवत नाही."

"मग म्हणू नका."

"पण पिंप किती दिवस पुरेल?"

"दोन आठवडे. रोज अर्धाच तास लावते."

"आणि पुढं?"

"ते शोधायला दोन आठवडे आहेत की."

मास्तरांनी फोनचा उपाय सुचवला. पेरेसनं पंधरा घरी फोन केले. निम्मे फोन नवऱ्यांच्या खिशात, सरोवरावर. बाकीच्यांशी बोलणं असं व्हायचं: "आत्ता चालू आहे?" "आत्ता चालू आहे." "मी पोचेपर्यंत राहील?" "राहील." "बघते." आणि कुणी यायचं नाही. बाईचा शब्द आणि गिरणीचा आवाज, दोन्ही एकच सांगत असले तरी बेटाचा विश्वास आवाजावर.

ती चर्चमध्ये गेली. पाद्री म्हणाले, "मंगळवारी घंटा वाजली तर लोकांना वाटेल कुणीतरी गेलं. सगळे धावत येतील."

"येऊ देत. येताना डबा आणा म्हणावं."

पाद्र्यांनी नकार दिला, पण हसू दाबत दिला, असं सांगतात.

पिंप संपलं. ज्या सकाळी इंजिन शेवटचं खोकलं, त्या सकाळी पेरेस रिकामं पिंप बाहेर लोटायला गेली. पिंप दगडावर आपटलं आणि असा आवाज झाला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. पेरेस थांबली. तिनं पिंप उचलून पुन्हा आपटलं. मग ओंबुराला निरोप धाडला.

दोघांनी चार दिवस खटपट केली. मोटरच्या फिरत्या दांड्यावरून एक बारीक पट्टा काढून सायकलच्या चाकाला दिला, म्हणजे चाक सावकाश फिरेल. चाकाच्या कडेला सारख्या अंतरावर चार लाकडी खुंट्या बसवल्या. खुंटी आली की ती एक मोगरी उचलते, खुंटी गेली की मोगरी पिंपावर पडते. गिरणीला दाणा जास्त झाला की ठोका जड होतो, कमी झाला की हलका. ओंबुरानं हे सगळं घामाघूम होऊन बसवलं आणि मागं सरून म्हणाला, "घड्याळ लावून बघ. एका ठोक्यात केसाचा फरक नाही."

ठक, ठक, ठक, ठक. टेकाडाखालच्या चार घरांतली कुत्री भुंकली. पेरेसनं हात पुसले आणि वाटेकडे बघत उभी राहिली.

त्या चार घरांपलीकडचं कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. इंजिनियर यायला तीन आठवडे उरले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेरेस ओंबुराला म्हणाली, "तू गिरणी चालू ठेव. दाणा नसला तरी चालू ठेव. मी ऐकून येते."

"ऐकायला कुठं जायचंय? इथं कानठळ्या बसतायत."

"म्हणून तर."

ती डोंगर चढली. वाटेत तिला एक गोष्ट सुचली आणि ती मध्येच उभी राहिली. चाळीस वर्षांत तिनं आपली गिरणी लांबून कधी ऐकलीच नव्हती. गिरणी चालू असली की ती तिच्या शेजारी, आणि ती बाहेर गेली की गिरणी बंद. सगळ्या बेटाला जो आवाज पाठ होता तो एकट्या तिलाच माहीत नव्हता. ही नवलाची गोष्ट तिला कुणाला तरी सांगावीशी वाटली, पण वाटेवर एक शेळी तेवढी होती.

डोंगराच्या पलीकडच्या उतारावर ज्वारी दुधात आली होती. माळ्यांवर बसून माणसं डबे बडवत पाखरं हाकत होती. खाली कोवंगेच्या वाळूवर मिकाल आविनो ओमेना उन्हात पसरत होती. दालमासला मूठमाती दिल्यापासून दोघींचं बोलणं सणासुदीपुरतं. दळण मिकाल शेजारणीबरोबर पाठवायची; थोरलीनं धाकटीच्या दारी जायची रीत नाही.

"ये धाकटे," मान वर न करता मिकाल म्हणाली. "गिरणी बंद पडली म्हणून आमच्याकडे यायला सवड झाली वाटतं."

"बंद नाही पडली, थोरल्या बाई. चालू आहे. ऐका ना."

दोघी ऐकत राहिल्या. लाटा होत्या, माशांवर टपलेले बगळे होते, आणि डोंगरावरून अगदी स्वच्छ: ठक, ठक, ठक, ठक.

"काय ऐकू?" मिकाल म्हणाली.

"हाच की आवाज."

"हा? हा पाखरं हाकतोय कुणीतरी. तीन दिवस झाले, हात दुखत नाही मेल्याचा. म्हटलं यंदा ज्वारी कुणाची एवढी आलीय."

"ती माझी गिरणी आहे."

मिकालनं आता मान वर केली. "छे. तुझी गिरणी लंगडी होती. ही धडधाकट कुणाची?"

"लंगडी?"

"लंगडी म्हणजे लंगडी. चाळीस वर्षं त्या गिरणीत उभी आहेस ना?" मिकालनं शेजारची परात पालथी घातली, मासे उलटायचं लाकडी उलथनं घेतलं आणि वाजवून दाखवलं. ठक, ठक, ठक. मग उलथनं हवेतच धरलं, एक श्वास घेतला, आणि पुन्हा ठक, ठक, ठक. "ही तुझी गिरणी. आता वर वाजतंय त्याच्यावर डबा घेऊन कोण निघणार? पाखरू तरी निघेल का, सांग."

पेरेस वाळूवर बसली. "पुन्हा वाजवा."

मिकालनं वाजवलं. पेरेस बोटांवर मोजत राहिली.

"पुन्हा."

"पुन्हा काय पुन्हा. मासे करपतील माझे." पण तिनं वाजवलं. वाजवता वाजवता म्हणाली, "दालमास सरोवरावर आहे की तुझ्याकडे, ते मला ह्याच्यावरून कळायचं. तो गिरणीत असला की हा मधला श्वास लांब पडायचा, सावकाश. तू एकटी असलीस की इंजिन घाई करायचं."

"म्हणजे तुम्ही माझ्यावर नजर ठेवून होतात."

"नजर कशी ठेवणार? मध्ये डोंगर आहे. कान ठेवून होते."

पेरेसला हसू आवरेना. मग मिकालही हसली, आणि दोघींच्या हसण्यानं दचकून बगळे उडाले, तेवढेच मासे वाचले.

पेरेस परतली ती जवळजवळ पळतच. ओंबुरा चाकाला तेल देत होता.

"एक खुंटी काढ."

"कुठली?"

"कुठलीही. एक."

"डोकं फिरलं का तुझं? चार दिवस घासून चारी सारख्या अंतरावर बसवल्या. एक उपटली तर लंगडेल ते."

"लंगडू दे."

ओंबुरा तयारच होईना. कारागिराला नीट झालेली गोष्ट हातानं मोडणं फार जड जातं, आणि बेटावर पुन्हा सांगणार कोण, की ओंबुरानं वाकडं काम का केलं. शेवटी पेरेसनंच पान्हा घेतला. खुंटी निघाली. ठक, ठक, ठक, आणि एक श्वास. दोघं ऐकत उभे राहिले. ओंबुरा हळूच म्हणाला, "अरे, ही तर आपली गिरणी."

दुसऱ्या सकाळी रोझबेला आली आणि दारातूनच म्हणाली, "कधी दुरुस्त झालं?" तिच्यामागे दोघी होत्या. आठवड्याभरात कडुनिंबाखाली जागा कमी पडू लागली, आणि पुढची कोण यावरून भांडणं सुरू झाली, म्हणजे सगळं पूर्ववत झालं. धुक्याच्या एका सकाळी दोन होड्या नेमक्या किनाऱ्याला लागल्या आणि कोळी पेरेसला ओरडून सांगून गेले, "उयोमाचे, आठवडाभर कुठं होतीस?" मास्तरांनी मीटरचा आकडा रोज येऊन वहीत उतरवायला सुरुवात केली. खरं तर आठवड्यातून एकदा पुरलं असतं.

आणि एका दुपारी वळणावर एक छत्री दिसली. छत्रीखाली मिकाल आविनो, हातात पायलीभर ज्वारीचा छोटा डबा. रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. चाळीस वर्षांत थोरली त्या दारी आली नव्हती.

पेरेसनं स्टूल पुसून पुढं केलं. "थोरल्या बाई, निरोप पाठवायचा, मी आले असते न्यायला."

"तुझ्याकडे कोण आलंय? मी दळायला आलेय." मिकाल बसली, डोळे मिटून पिंपाचा आवाज ऐकत राहिली. मग म्हणाली, "श्वास थोडा आखूड पडतोय."

"पट्टा सैल केला की लांबेल."

"मग कर ना."

पेरेसनं पट्टा किंचित सैल केला. चाक सावकाश झालं. मिकालनं मान डोलावली, आणि दळण होईपर्यंत डोळे उघडले नाहीत. त्यानंतर ती दर आठवड्याला येते. दळण तेवढंच असतं, पायलीभर.

ठरल्या दिवशी किसुमूहून इंजिनियर आला. किमेली नावाचा, उंच, अबोल, लोखंडाची हत्यारपेटी सांभाळत होडीतून उतरलेला. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ओंबुरा हात बांधून उभा. किमेलीनं मीटर वाचला, वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिला, पुन्हा वाचला. मास्तरांच्या कपाळावर घाम होता. पेरेस मात्र मोटरवर वाकून किमेलीचं यंत्र, सुई डोलणारं, बघत होती आणि त्याच्या आत काय असेल याचा विचार करत होती.

"मोटर इथंच राहील," किमेली म्हणाला. "बर्फाच्या यंत्राचं मी कळवतो. इतकी दुपारची वीज वापरणारं बेट मी पाहिलं नाही."

मास्तरांनी श्वास सोडला. कोणीतरी बाहेर बायकांना सांगितलं, आणि बाहेर गलका झाला. किमेली पेटी आवरायला लागला आणि तेवढ्यात त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. सायकलचं चाक, मोगरी, गंजलेलं पिंप. तो जवळ गेला. पट्ट्यावरून बोट फिरवलं, खुंट्या मोजल्या, वाकून खालून पाहिलं. त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. चांगलं काम ओळखणारा माणूस होता तो.

"हे कुणी केलं?"

"आम्ही दोघांनी," ओंबुरा म्हणाला, आणि लगेच, "काही भाग हिनं."

"सुंदर आहे. फक्त इथली एक खुंटी गळून पडलीय, म्हणून ठोका चुकतोय." किमेलीनं पेटी पुन्हा उघडली आणि पान्हा बाहेर काढला. "थांबा बाई, दोन मिनिटांत बसवून देतो."

पेरेस मध्ये आली आणि पिंपाला पाठ लावून उभी राहिली.

"राहू द्या, साहेब. हात लावू नका. फार मेहनतीनं बिघडवलंय मी ते."